रांजणाच्या डोक्यावरचा फेटा

मित्रांनो, मी एक जुना फेटा आहे, असं छाती फुगवून सांगायची माझी फार इच्छा आहे. पण मी आता अख्खा फेटा राहिलेलो नाही. मी फेट्याच्या टोकाचा एक तुकडा आहे. कडेला बोटभर जर उरली आहे, मूळचा रंग गुलाबी होता हे मला सांगावं लागतं, आणि माझी बसायची जागा एका रांजणाच्या तोंडावर आहे. हे ऐकून ज्यांना हसू आलं असेल त्यांनी आधी हसून घ्यावं, मी थांबतो. सगळ्या बोरजाईवाडीनं वर्षभर हसून घेतलं, त्यात तुमची थोडी भर.

माझा जन्म विट्याच्या एका कोष्ट्याच्या मागावर झाला. कोष्टी मोठा चोखंदळ होता. विणलेलं कापड तो उजेडाकडे धरायचा, एक डोळा मिटून बघायचा आणि म्हणायचा की ह्याच्यातून चिलटसुद्धा जायचं नाही. मला त्याचा राग यायचा. मी लग्नाकार्यात मिरवायला जन्मलेला, आणि माझं कौतुक करायला याला चिलटच सापडलं? माझ्या दोन्ही काठांना जर होती. एका बाजूनं ती लखलखायची आणि दुसऱ्या बाजूनं मळकट दिसायची, जरीचं काम तसंच असतं. रंगाऱ्यानं मला गुलाबी रंग दिला आणि दुकानदारानं काचेच्या कपाटात ठेवलं. तिथं मी इतका फुगलो की शेजारच्या पंच्यांशी आणि उपरण्यांशी बोलणंच सोडून दिलं.

ते साल त्रेचाळीस. लढाई चालू होती आणि कापड रेशनवर गेलं होतं. नवरीला नवं लुगडं मिळवताना लोकांच्या तोंडाला फेस येई. अशा दिवसांत कृष्णाकाठच्या दादासो नावाच्या ऊसवाल्यानं दुकानदाराच्या हातापाया पडून मला मिळवलं, आणि आपल्या मुलीच्या, अंजनाच्या, लग्नात भर मांडवात व्याह्याच्या डोक्याला बांधलं. व्याही म्हणजे नाथाजी, पूर्वेकडच्या कोरड्या माळावर बोरजाईवाडी आहे तिथला शेतकरी. त्याचा मुलगा गुंडा पलटणीत होता. लग्नापुरता रजेवर आला आणि बायकोची नीट ओळख होण्याआधी परत गेला.

नाथाजीचं डोकं जरा लहान होतं, पण त्यातला अभिमान मोठा होता, त्यामुळे आमचं लगेच जमलं. रोज त्याच्या डोक्याला एक विटकं मुंडासं असे. मला तो फक्त लग्नाला, जत्रेला आणि ज्याच्याशी भांडण आहे त्याच्या दारावरून जाताना बांधायचा. एरवी मी पत्र्याच्या पेटीत डांबरगोळ्यांच्या वासात झोपून असे. माझ्यासारखा सुखी फेटा त्या वेळी अख्ख्या सातारा जिल्ह्यात नसेल.

आता वाडीच्या पाण्याचं सांगतो, कारण माझं नशीब तिथंच फिरलं. वाडीला एकच पायविहीर. बायका पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात उभ्या राहत आणि घागर बुडवत. गडीमाणसं रानातून आली की त्याच पाण्यात पाय सोडून बसत. आणि दर वर्षी उन्हाळा सरता सरता वाडीत नारू निघे. नदीकाठच्या मित्रांनी नारू पाहिला नसेल, म्हणून सांगतो. पायाला फोड येतो, आग आग होते, फोड फुटतो आणि आतून दोऱ्यासारखा पांढरा किडा तोंड काढतो. चांगला हातभर लांब असतो. तो ओढून काढता येत नाही. काडीला गुंडाळायचा, रोज थोडा थोडा. मध्येच तुटला तर पाय सुजून टम्म होतो. वाडीत हे गुंडाळायचं काम धोंडुबाईकडे होतं. ज्येष्ठ महिन्यात ती काडी घेऊन या दारातून त्या दारात जाई, तेव्हा तिचा रुबाब मामलेदारालाही जमला नसता.

नारूची वेळ अशी वाईट, की मृग निघाला, वाफसा आला, पेरायची कुरी शिवारात जायला हवी, आणि नेमकी तेव्हाच निम्मी वाडी पाय वर करून बाजेवर पडलेली. उष्णता झाली की पायातली शीर बाहेर येते, तोच नारू, अशी सगळ्यांची पक्की समजूत. आग शमावी म्हणून लोक फोड आलेला पाय घेऊन विहिरीच्या पायरीवरच बसत. नाथाजीची बायको साळूबाई हिचा एक गुडघा जुन्या नारूनं कायमचा आखडला होता. ती उठताना आधी हात टेकायची, मग देवाचं नाव घ्यायची, मग नवऱ्याचं.

अंजना वाहत्या पाण्याच्या गावची. तिच्या माहेरी नारू नव्हता. इथं आल्यावर ती पहिल्यांदा पायविहिरीत उतरली, तेव्हा शेजारच्या पायरीवर कुणीतरी चिघळलेला पाय पाण्यात सोडून सुपारी कातरत बसलं होतं. ती घागर न भरताच वर आली, आणि साळूबाईनं तिला परत पाठवलं. गुंडा आणखी एकदा रजेवर येऊन गेला, आणि पंचेचाळीसच्या सुरुवातीला तिला मुलगी झाली. विजयमाला. मुलगी भिंतीला धरून उभी राहू लागली, तशी अंजना तिला विहिरीकडे फिरकू देईना. ती एकदा सासूच्या गुडघ्याकडे बघे आणि एकदा लेकीच्या पावलांकडे. मी पेटीच्या फटीतून हे पाहत असे, पण मला काय त्याचं? मी डोक्याचा माणूस, पायांच्या भानगडीत मी पडत नसे.

शेहेचाळीसच्या चैत्रात देवी टोचायला तालुक्याहून एक डॉक्टर आले. टोचून झाल्यावर त्यांनी विहिरीचं पाणी काचेच्या पेल्यात घेतलं, चावडीच्या ओट्यावर ठेवलं आणि एक भिंग काढलं. त्यातून बघितलं की पाण्यात बारीक ठिपके टुणटुण उड्या मारताना दिसत. डॉक्टरांनी सगळं सांगितलं. नारू झालेला पाय पाण्यात बुडला की नारू आपली पिल्लं पाण्यात सोडतो, हे ठिपके ती खातात, आपण ते ठिपके पितो, आणि वर्षानं नारू आपल्या पायातून निघतो. उपाय दोन. एक म्हणजे फोड आलेला पाय विहिरीत घालायचा नाही, आणि जमलं तर पायऱ्याच बंद करून रहाट बसवायचा. दुसरा म्हणजे पिण्याचं पाणी घट्ट विणीच्या दुहेरी कापडातून गाळायचं आणि कापडाची वरची बाजू कायम वरच ठेवायची. जाता जाता ते म्हणाले, या साली पिलेलं पाणी पुढच्या साली पायातून निघतं, तेव्हा लगेच गुण आला नाही म्हणून सोडू नका. तोवर निम्मे लोक उठून गेले होते.

बसून राहिलेल्यांत नानासो होते. नाथाजीचे शेजारी. गळ्यात माळ, जन्मात कधी अंड्याच्या टरफलालाही हात न लावलेला माणूस. त्यांनी भिंगाला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"डाक्टर, ह्ये जित्तं हाय?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी हो म्हटलं. नानासोंनी भिंग खाली ठेवलं. लहानपणापासून आजवर किती घागरी पाणी आपण पिलो, याचा अंदाज त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. ते घरी गेले आणि संध्याकाळपर्यंत नुसत्या दुधावर राहिले. दुसऱ्या दिवसापासून धोतराचा सोगा दुमडून ते स्वतःपुरता एक तांब्या गाळून पिऊ लागले. वाडीतला पाणी गाळणारा पहिला माणूस असा नारूला भिऊन नव्हे, वशाटाला भिऊन तयार झाला.

अंजनाला मात्र घरासाठी रांजणभर पाणी गाळायचं होतं, आणि कापड नव्हतं. साळूबाईच्या विरलेल्या लुगड्याला दंड घातलेले, त्यातून ठिपकेच काय, बेडूक गेला असता. नाथाजीचं मुंडासं तेलानं मेणचटलेलं. घोंगडीतून पाणी जायला दिवस लागला असता. अंजनानं सगळं घर धुंडाळलं आणि शेवटी ती पेटीसमोर येऊन बसली. झाकण उघडलं, तेव्हा मला वाटलं कुणाचं तरी लग्न निघालं. मी स्वतःच्या घड्या नीट करून तयार राहिलो.

मित्रांनो, पुढचं सांगताना माझी जर अजून काळवंडते. तिनं मला दुहेरी करून रांजणाच्या तोंडावर ताणलं. मी लांबलचक, तेव्हा उरलेला मी तिनं रांजणाच्या गळ्याभोवती गरागरा गुंडाळला आणि शेवटी टोक खोचलं. त्यावर पहिली घागर ओतली. माझा रंग पक्का नव्हता हे मला तेव्हा कळलं. रांजणातलं पाणी गुलाबी झालं.

दुपारी नाथाजी रानातून तहानलेला आला. कोपऱ्यात जरीचा फेटा बांधून कुणीतरी ढेरपोट्या पाहुणा बसला आहे असं वाटून त्यानं आधी राम राम घातला. मग डोळे बारीक करून पाहिलं.

"सूनबाई," तो हळू आवाजात म्हणाला, "ह्यो व्याह्याचा मान हाय."

अंजनानं विजयमालाला कडेवरून खाली उतरवलं आणि त्याच्यासमोर उभी केली. "व्हय मामंजी. अन् ही व्याह्याची नात हाय. मान पेटीत ऱ्हातो. हिचं पाय मला पेटीत ठेवाय येत न्हाईत."

नाथाजीनं तांब्या भरून घेतला, आत पाहिलं आणि विचारलं की हे सरबत आहे का. पुढचे कितीतरी दिवस त्या घरात सगळे गुलाबी पाणी पीत होते. नाथाजीच्या पिकलेल्या मिशा खालच्या बाजूनं रंगल्या. येणारेजाणारे दारातून रांजणाला हात जोडून, बरं आहे ना पाटील, असं विचारत, आणि आतून नाथाजी ओरडे की तो रांजण आहे, मी इकडं आत आहे.

साळूबाईला माझ्याबद्दल फार आदर. तोच एकदा अंगाशी आला. जर पाण्यानं काळी पडते म्हणून तिनं मला उलटा केला, चांगली बाजू खाली, मळकट बाजू वर. गाळून वर राहिलेले सगळे ठिपके त्यामुळे पुढच्या घागरीबरोबर खुशाल आत उतरले. अंजनानं पाहिलं आणि सगळा रांजण अंगणात पालथा केला. चैत्राच्या उन्हात, विहिरीच्या पायऱ्या चढून आणलेलं पाणी. सासू-सुनेचं असं जुंपलं की नानासो गाळलेला तांब्या हातात धरून कुंपणापाशी येऊन उभे राहिले. शेवटी जरीचाच उपयोग झाला. लखलखीत बाजू कायम वर, असा नियम ठरला, तो साळूबाईलाही पटला, कारण त्यात माझा मान राहत होता. मलाही जरा बरं वाटलं.

वैशाखात नाथाजीच्या मामेभावाकडे लग्न निघालं. गाव असंच माळावरचं, पायविहिरीचं. नाथाजी रांजणापुढे येऊन उभा राहिला आणि म्हणाला की आज ह्याला बोडका बसू दे, मी फेट्याबिगर मांडवात जाणार नाही. अंजनानं मला धुतलं, वाळवलं आणि त्याच्या हातात दिलं. घरासाठी तिनं दोन दिवसांपुरता आपल्या एकुलत्या धड, लग्नातल्या लुगड्याचा पदर दुहेरी केला. नाथाजीला तिनं एकच बजावलं की तिथलं पाणी फेट्यातून गाळल्याशिवाय पिऊ नका. तो व्हय व्हय म्हणाला.

मी पुन्हा डोक्यावर चढलो. काय सांगू तो आनंद. रंग फिका झाला होता, पण जर होती. मांडवात कुणीतरी विचारलं की नाथाजी, फेटा असा का विटला. एवढं निमित्त त्याला पुरलं. पंगतीत बसल्या बसल्या त्यानं अख्ख्या ओळीला सुरुवातीपासून सांगितलं. डॉक्टरांचं भिंग, उड्या मारणारे ठिपके, नानासोंचा धर्म कसा बुडाला, सगळं. आपल्या घरी गाळल्याबिगर थेंब पोटात जात नाही म्हणाला. लोकांचे घास हातात राहिले. इतका वेळ बोलून त्याच्या घशाला कोरड पडली, त्यात आमटी जाळ तिखट. वाढप्यानं तांब्या पुढे केला. नाथाजीनं तो तोंडाला लावला आणि घटाघटा रिकामा केला. मग पुढचं सांगितलं. मग आणखी एक रिकामा केला.

मी डोक्यावर धाग्याधाग्यातून ओरडत होतो. पण फेट्याचं कोण ऐकतं? पाणी गाळायला त्याला मला उतरवावं लागलं असतं, आणि व्याह्यानं बांधलेला मान भर मांडवात डोक्यावरून उतरवणं हे घराला आग लागली तरी नाथाजीनं केलं नसतं. मी वरच राहिलो आणि पाणी खाली गेलं. घरी आल्यावर अंजनानं विचारलं, तेव्हा तो बैलाकडे बघत म्हणाला, गाळूनच प्यालो.

ज्येष्ठ लागला आणि साळूबाईच्या चांगल्या पायाला फोड आला. वाडीतल्या थट्टेला ऊत आला. फेट्यातून पाणी पिऊन नारू निघाला, आता रांजणाला धोतर नेसवून बघा, असं लोक दारात येऊन सांगू लागले. हा नारू मागच्या उन्हाळ्यातल्या पाण्याचा, हे अंजना सांगत राहिली, पण डॉक्टरांचं शेवटचं वाक्य ऐकायला कुणी थांबलं नव्हतं. नानासोंना काही झालं नाही, यावर लोक म्हणत की त्यांच्या गळ्यात माळ आहे. नाथाजी मला परत पेटीत ठेवायला निघाला. अंजना दारात आडवी उभी राहिली. दारात तेव्हा बरीच माणसं होती.

"एक साल ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पुढल्या मिरगाला ह्या घरात कुणाच्या बी पायात नारू निघाला, तर फेटा मीच धुऊन पेटीत ठेवते. पुन्यांदा नाव काढणार न्हाई."

लोकांना हा सौदा आवडला. वर्षभर थांबून मजा बघायची होती आणि तोवर कुणाला काही करायचं नव्हतं. नाथाजी सगळ्यांत मोठ्यानं व्हय म्हणाला. मला मात्र मांडवातले ते तांब्ये आठवत होते.

ते वर्ष मी रांजणावर काढलं. रोज पाणी, रोज धुणं, रोज ऊन. माझा गुलाबी रंग पार गेला. विजयमाला चालू लागली, मग पळू लागली. तिला रांजणाशी खेळायची खोड होती. माझं खोचलेलं टोक ती सोडवायची आणि अंजना परत खोचायची. खरं सांगतो, पोरगी येऊन मला ओढायची तेव्हा मला बरं वाटायचं. काचेच्या कपाटात मला कुणी हात लावलेला नव्हता.

पुढचा ज्येष्ठ आला. वाडीत नेहमीसारख्या बाजा भरल्या. साळूबाईचे पाय स्वच्छ. अंजनाचे स्वच्छ. विजयमालाचे पाय मातीनं भरलेले, पण स्वच्छ. अंजना रोज सकाळी तिघींचे पाय निरखायची. आणि एका सकाळी नाथाजी अंगणात घोट्याला हात लावून बसला. काय झालं विचारलं, तर म्हणाला काटा मोडलाय. काटा मोठा होत गेला. फोड फुटला, तेव्हा धोंडुबाईला बोलवावंच लागलं.

बातमी तिच्या आधी वाडीत पोचली. अंगण भरलं. नानासो पुढे बसले. त्यांना वाईट वाटत होतं, पण जागा मात्र त्यांनी चांगली धरली होती. धोंडुबाईनं नाथाजीचा पाय मांडीवर घेतला, नारूचं टोक काडीला लावलं आणि म्हणाली की आता हलू नका. मागून कुणीतरी म्हणालं की गाळून बी निघाला, म्हंजे शिरेचाच असतो. बाकीच्यांनी माना हलवल्या. ज्या दोनचार बायका वर्षभर अंजनाला चोरून पाणी गाळण्याबद्दल विचारत होत्या, त्याही मान हलवू लागल्या.

अंजना घरात आली. तिनं मला रांजणावरून सोडलं, बादलीत धुतलं, पिळलं आणि अंगणात सगळ्यांदेखत झटकलं. दोरीवर वाळेपर्यंत माणसं बसून राहिली. मग तिनं पेटी बाहेर आणली, झाकण उघडलं आणि मला घडी घालू लागली. मित्रांनो, मला परत पेटीत जायचं होतं की नाही? दोन वर्षांपूर्वी विचारलं असतं तर उडी मारून गेलो असतो. पण रांजण माझ्या डोळ्यांसमोर उघडा पडला होता, आणि सकाळी आणून ठेवलेल्या घागरी साळूबाईनं आता त्यात न गाळताच ओतल्या होत्या. खरं काय ते मला ठाऊक होतं आणि मला तोंड नव्हतं.

ज्याला तोंड होतं तो बाजेवर पडून आभाळाकडे बघत होता.

तेवढ्यात विजयमाला फुलपात्र घेऊन रांजणाशी गेली. रांजणाच्या तोंडापर्यंत तिचा हात पुरत नव्हता, तिनं चवड्यांवर उभं राहून फुलपात्र बुडवलं. आजोबाला बरं नाही म्हणून त्याला पाणी द्यायला ती निघाली होती. अंगणात आली, भरलेल्या फुलपात्राकडे पाहिलं, आणि आधी आपणच एक घोट घ्यावा असं तिला वाटलं.

"पिऊ नगंस!" नाथाजी असा उसळला की बाज करकरली.

"आवं हलू नगा, तुटंल त्यो," धोंडुबाई पाय आवळून धरत म्हणाली.

"तुटू दे," नाथाजी ओरडला. "त्या पोरीच्या हातातलं पाणी घ्या आधी." नानासोंनी फुलपात्र काढून घेतलं. नाथाजी परत आडवा झाला. पाय धोंडुबाईच्या मांडीवर अडकलेला, त्यामुळे त्याला तोंडही फिरवता येईना. सगळी वाडी समोर आणि तो बाजेवर उताणा, अशा अवस्थेत त्यानं सांगून टाकलं. "मी गाळून प्यालो न्हाई. त्या लग्नात. फेटा डोक्याला व्हता आन् तांब्या तोंडाला. ह्यो नारू त्या पाण्याचा हाय. ह्या घरच्या पाण्याचा असता, तर ह्या तिघींच्या पायात बी निघाला असता. त्यांचं पाय बघा."

लोकांनी पाय पाहिले. साळूबाईनं लुगडं घोट्यापर्यंत वर धरलं आणि आखडलेल्या गुडघ्यावर जमेल तशी एक गिरकी घेतली. धोंडुबाईनं, जिला या विषयात वाडीत सगळे मानत, तिन्ही जोड्या पाहिल्या आणि म्हणाली की काही नाही. मग नानासोंनी हळूच विचारलं की फेटा डोक्यावर असताना तू गाळायचं विसरलासच कसा. नाथाजी म्हणाला, इसरलो न्हाई, उतरवायची लाज वाटली. आधी साळूबाई हसली, आणि मग कुणाला आवरेना. नाथाजीही हसला, आणि धोंडुबाई परत ओरडली की हलू नका.

हसणं ओसरल्यावर नाथाजीनं अंजनाकडे हात पुढे केला आणि मला मागितलं. तिला वाटलं तो मला पेटीत ठेवणार. त्यानं माझा काठ दातांत धरला आणि टर्रकन फाडला.

धडधाकट फेटा फाडणं आमच्याकडे अशुभ मानतात. सगळे दचकले. मी तर मेलोच. पण मेल्यावर मी मोजून पाहिलं, तर मी एकाचा अनेक झालो होतो. तो पडल्या पडल्या फाडत गेला आणि अंजना एकेक तुकडा वाटत गेली. माझे दोन्ही काठ जरीचे, त्यामुळे प्रत्येक तुकड्याला थोडी थोडी जर आली. दुहेरी करून बांधा, लखलखीत बाजू वर, असं ती प्रत्येकीला सांगे. माळावर मेंढरं घेऊन राहणाऱ्या बिराप्पालाही एक तुकडा गेला. त्यानं तो तांब्याला बांधून तांब्या काठीला अडकवला. धोंडुबाई आपला तुकडा घेताना म्हणाली की नारूच निघाला नाही तर मला विचारणार कोण. साळूबाईनं तिला सांगितलं, नुसती चहाला येत जा. शेवटी फेट्याचं एक टोक उरलं. ते मी. मला नाथाजीनं आपल्या रांजणासाठी ठेवलं.

त्या मृगात गुंडा अजून पलटणीतच होता आणि नाथाजी बाजेवरून हुकूम सोडत पडला होता, नानासोंनी बैल हाकले आणि अंजनानं चाड्यावर मूठ धरली. पेरणी वेळेत झाली. पुढच्या मृगाला वाडीतल्या बहुतेक बाजा रिकाम्या होत्या. ज्यांनी माझे तुकडे घोंगडीखाली जपून ठेवले होते, अशी एकदोन घरं सोडून. पायविहिरीच्या पायऱ्या बुजवायच्या की नाही, यावर चावडीत वाद चालू आहे. पायऱ्या बुजवल्या तर सुपारी कातरत बसायचं कुठं, हा मुद्दा अजून सुटलेला नाही. पण फोड आलेला पाय घेऊन कुणी खाली उतरू लागलं की बायका त्याला घागरी दाखवून परत पाठवतात.

मागच्या दिवाळीत दादासो लेकीला भेटायला आला. व्याह्याचा मान वाडीभर रांजणांवर पसरला होता, आणि दादासो वेशीपासून प्रत्येक दारात डोकावत आला होता. अंजनानं पाणी दिलं, ते त्यानं पिलं, तांब्या खाली ठेवला आणि नातीला जवळ ओढून तिचे दोन्ही तळपाय उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाला, "पावणं, फेटा लय चांगला बांधलाय तुमी."

नाथाजीनं तोंड फिरवून डोळे पुसले. जाताना दादासोनं पिशवीतून एक नवा फेटा काढून त्याच्या डोक्याला बांधला. हिरवा आहे, पत्र्याच्या पेटीत असतो, फार तोऱ्यात असतो आणि माझ्याशी बोलत नाही. मी त्याला नावं ठेवत नाही. पण पेटी उघडली की अंजना त्याची रुंदी हाताच्या वितीनं मोजून बघते, हे मी रांजणावरून पाहतो. त्याला अजून काही कळलेलं नाही.

तर मित्रांनो, तुमच्या घरी रांजण असेल, माठ असेल, नुसता तांब्या असेल, तर त्याच्या डोक्याला काहीतरी बांधा. जुनं चालेल, विटकं चालेल, वीण घट्ट हवी आणि वरची बाजू वर हवी. मग ते रोज धुऊन उन्हात टाका, पण विहिरीत धुऊ नका, एवढी विनंती. आणि लग्नाला गेलात तर फेटा खुशाल उतरवा.

मी आता झिजत चाललो आहे. उन्हाकडे धरलं तर मधूनमधून आभाळ दिसतं, आणि तो कोष्टी मला पाहील तर मान हलवील. पण रोज सकाळी विजयमाला माझ्यातून गाळलेलं पाणी पिते, पाटी उचलते आणि शाळेला पळत सुटते. दारातून पळताना तिच्या पायांच्या टाचा मला दिसतात. त्यांवर चिखल असतो, काटे मोडल्याच्या खुणा असतात, भिंतीवरून उडी मारून खरचटलेलं असतं. नारूचा वण नाही.